छत्तीसचा आकडा

कॅमेरा जुन्या बाजारातला. पट्टा तुटका, मीटर मेलेला.
विकणारा म्हणाला, "शटर ऐका फक्त,"
आणि माझ्या कानाशी धरून वाजवून दाखवलं,
कलिंगड वाजवावं तसं.

रोल एकच परवडला. काळापांढरा, छत्तीस फोटोंचा.
धुलाई धरून एका फोटोला सव्वीस रुपये.
हिशेब तिकिटाच्या पाठीवर मांडला
आणि लडाख तिथंच खोडलं. हंपीही.
ठरलं ते असं: बसच्या मार्गाचा शेवटचा थांबा,
एका थांब्याला एकच फोटो, असे छत्तीस रविवार.

आई म्हणाली, "छत्तीसचाच आकडा गं तुझा, सुट्टीशी."
तेव्हापासून प्रत्येक बाकावर मला तो दिसायचा,
तीन आणि सहा,
पाठीला पाठ लावून खिडकीबाहेर बघणारे.

धायरी. मांजरी. सूस. भेकराईनगर.
आयुष्यभर पाट्यांवर वाचलेली नावं.
इंजिन बंद झालं की एक शांतता उतरायची बसमधून,
सगळ्यांच्या शेवटी, पिशवी सावरत.
मी उन्हात तळवा धरायची.
सावलीची कड सुरीसारखी असली तर सोळा,
मऊ पडली तर आठ,
आणि ढग आले तर चहा.

लोहगावला विमान इतकं खालून गेलं
की चाकं मोजता आली.
मी हात खिशात ठेवून पाहत राहिले.
त्या दिवसाचा फोटो दहा मिनिटांपूर्वीच
कुरडयांच्या एका खाटेवर खर्च झाला होता.
अजूनही चुटपुट लागते.
खाट चांगली होती, पण.

सतराव्या रविवारी, कोंढवे-धावडेला,
कंडक्टर शर्मिला खिलारेंनी विचारलंच,
"मॅडम, तुमचं काय हरवलंय का? जाता नि परत येता."
म्हटलं, शेवटचे थांबे काढतेय.
"शेवटचा कुठला? माझी ड्यूटी इथनं सुरू होते."
फोटोला मात्र नाही म्हणाल्या. केस धुतले होते, ओले होते.
"बॅगेचा घ्या हवा तर."
सतरावा फोटो बॅगेचा आहे.
चामडं झिजून मधोमध गुळगुळीत,
जिथं त्यांचा कोपर टेकतो.

रोल संपला फेब्रुवारीत.
शेवटच्या दिवशी, आमच्याच थांब्यावर उतरताना,
खटका अजून अर्धा फिरत होता.
ओढला आणि दाबला. काय समोर होतं, पाहिलं नाही.

धुवायला दिला बागवानांकडे.
टिळक रोडच्या मागं, जिन्याखाली,
कपड्यांच्या चिमट्यांना लटकलेली त्यांची ओली दुनिया.
तीन आठवडे म्हणाले, सात लागले. रसायन येत नव्हतं.
"कुठं गेला होतात?"
"पुण्यातच."
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी सुटे पैसे बुडवलेत.

काचेखाली दिवा लागला.
आभाळ काळं, केस पांढरे, रस्ते वितळल्यासारखे.
अकरा हललेले. दोन कोरे.
शेवटी तुकडा एक, अर्धा प्रकाशाने खाल्लेला,
उरलेल्या अर्ध्यात आमच्या थांब्याचा खांब आणि माझीच सावली.
"हा धरायचा का?" "नको. धरा."

आणि बाकीचे, खरं सांगायचं तर, मला ओळखू येईनात.
लिंब, टपरी, उभी बस, झोपलेला ड्रायव्हर.
निगडी की मांजरी? नोंदवही घरी राहिली होती.
मी गप्प. लाज वाटत होती थोडी.

बागवान पट्टी सरकवत होते. सरकवता सरकवता थांबले.
"हा गाडा माझ्या मेव्हण्याचा.
भेकराईनगर हे. बघा, छत्रीला ठिगळ आहे."
मग त्यांचं रसायनाने पिवळं पडलेलं बोट
फोटोच्या कडेवरून पुढं गेलं,
भोकांच्या रांगेवरून, नुसत्या काचेवर.
"आणि इथं, या बोळातून आत गेलं की,
निळं दार. आमचं घर."

तिथं काहीच नव्हतं. दिवा होता.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.