एक्स-रेचा तारा

त्या डिसेंबरात बेदाण्याचा भाव बसला होता,
कोल्ड स्टोरेजच्या मालकानं पप्पांचा अर्धाच पगार हातावर ठेवला.
आईनं आधीच सांगून टाकलं:
नाताळाला नवे कपडे फक्त योएलला,
त्याचं ढुंगण चड्डीत मावत नाही म्हणून.

एलिशा म्हणाला, मग आपणच करू सगळ्यांना काहीतरी.
तो सात वर्षांचा, मी दहा.
घरात कात्री एकच, तिचं एक टोक मोडकं.

मोनिका मावशीला रुमाल.
आईच्या फाटक्या युनिफॉर्मची बाही कापली,
वाटीभर सांगलीच्या हळदीत रात्रभर बुडवली.
सकाळपर्यंत रुमाल झाला,
आणि उशी झाली, आमचे कोपर झाले,
मांजराची एक बाजू झाली पिवळीधमक.

योएलला गव्हाण हवी होती,
म्हणजे आम्हाला हवी होती, योएलला नाव सांगून.
मिरजेत सतारीच्या गल्लीत इलाहीचाचांपुढे उभे राहिलो.
त्यांनी तडकलेला अर्धा भोपळा उचलला,
कानाशी धरून टिचकी मारली.
"येशूबाळ झोपेल ह्यात. आवाज चांगला हाय."
वर एक तुटकी तार दिली, वेटोळं करून.
कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

राहिले पप्पा.
पप्पांना काय हवं विचारलं की ते म्हणत,
"मला काय नको, तुम्ही गप बसा."
गप बसणं जमणार नव्हतं, म्हणून तारा करायचं ठरलं.

आई वॉर्डातून जुन्या फिल्मा आणायची,
आमच्या भूगोलाच्या वहीवर कुणाचा तरी गुडघा असायचा.
ट्रंकेत तळाशी खाकी पाकिटात एक मोठी सापडली.
तसलीच असेल, म्हणून काढली.
कात्री बरगड्यांमधून करकरत गेली.
एलिशा म्हणाला, "ह्यो माणूस लईच वाळलेला हाय."

नाइट करून आई घरी आली,
रिकामं पाकीट बघितलं,
आणि बूट न काढताच खाली बसली.
मी जन्मायच्या आधीची फिल्म होती ती.
अकरा महिने सॅनेटोरियम,
डाव्या बाजूला वर बोराएवढा डाग.
आईनं आम्हाला मारलं नाही.
मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पप्पांनी ताऱ्यात बल्ब सोडला.
बराच वेळ बघत राहिले.
मग बोटानं मोजायला लागले,
"चौथी... पाचवी... अरे, ही तर माझीच!"
आणि हसले, हसता हसता ठसका लागला.
आईचा हात पिठात होता तसाच थांबला.
"नुसतं हसू गं," पप्पा म्हणाले, "हसू आलं."
तरी ती करंजी त्यानंतर तिरकीच मुरडली गेली.

चाचांच्या तारेनं तारा दारात टांगला.
वारा आला की तार बारीक गुणगुणायची,
आणि सगळ्यात जास्त उजेड यायचा
त्या डागातून.
गाण्याची फेरी आली, पाळकसाहेब खाली वाकून बघत म्हणाले,
"सलाम लोंढे, तारा वेगळाच दिसतोय."
पप्पा म्हणाले, "घरचाच आहे."

रात्री दहाला आई पुन्हा ड्यूटीला निघाली
तेव्हा आमच्या लक्षात आलं:
आईसाठी काहीच केलं नव्हतं.
एलिशा कचऱ्यात धावला,
फिल्मचा उरलेला कोपरा घेऊन आला.
त्यावर पप्पांचं नाव, एक तारीख, एक नंबर.
आईनं तो दिव्यासमोर धरला,
थर्मामीटरच्या खिशात ठेवला,
आणि फाटकाची कडी आवाज न करता लावली.

पुढे तो कोपरा धुण्यात गेला असेल,
किंवा नसेल.
चाळीस वर्षं झाली,
आम्ही दोघांनीही तिला विचारलेलं नाही.