उलटे आकडे

मला निवडलं ते पुढच्या दोन दातांमधल्या फटीसाठी.
हर्णैच्या पुळणीवर शूटिंगवाले आले होते,
मी त्यांच्या जनरेटरवर बसून सुका बोंबील चघळत होतो.
चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, हस बघू.
हसलो.
चार वर्षं त्यातच गेली.

मालिकेत माझं नाव टुकल्या, वय सहा.
पहिल्या भागात सहा,
दोनशेबाराव्या भागातही सहाच.
मधे दात पडला.
आमच्यात पडलेला दात कौलांवर टाकतात,
माझा राहिला कंटिन्युइटीच्या वहीत,
पानाला टाचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.
शेजारी शेरा : वरचा, डावा. मेणाचा बसवणे.
मी वाढू लागलो तसं सेटवरचं टेबल वाढवलं,
खुर्च्या वाढवल्या, दाराची कडी वर नेली.
सुतार म्हणायचा, बाबा रे, थांब की जरा,
लाकूड संपत आलं.

रडायला ग्लिसरीन लागलं नाही कधी.
सातपासून उलटं मोजायचं,
तीनपाशी डोळे भरतात.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
बाबा बंदरात लिलाव पुकारायचे,
त्यांच्या पायाशी बसून मी आकडे शिकलो,
सगळे चढते.
उतरायला लागले की पोटात खड्डा पडायचा.

अकराव्या वर्षी आवाज फुटला.
एका वाक्याच्या मधोमध, दिवे चालू असताना.
साउंडवाल्यानं कानावरचं काढलं
आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्याच कुणाकडे बघितलं.
त्यानंतर मी नुसते ओठ हलवले.
बोलायच्या नलिनी खांबेटे, दादरच्या, वय चौतीस,
काचेपलीकडे, गालात लिमलेटची गोळी धरून,
माझ्यापेक्षा जास्त माझ्यासारखं.
‘पण मला कुणी विचारलं का?’
हे घराघरांत पाठ झालेलं वाक्य
मी एकदाही बोललेलो नाही.

मालिका एका गुरुवारी संपली.
पुढे एक टूथपेस्टची जाहिरात, तीही मेणाच्या दातावर.
मग सोळाव्या वर्षापर्यंत रांगा,
रांगेच्या टोकाला एक माणूस, म्हणणारा,
अरे, तू केवढा झालास!
तक्रार केल्यासारखं.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा
त्यांच्या जागी ओल्या वाळूत मी उभा राहिलो.
संध्याकाळी होड्या लागतात,
छकडे कंबरभर पाण्यात शिरतात,
बैलांच्या शिंगांवर मीठ वाळलेलं असतं.
मी पुकारतो. सुरमई, पापलेट, कोळंबीचा वाटा.
वाऱ्याविरुद्ध पार जेटीपर्यंत पोचतो माझा आवाज,
हा, फुटलेला, त्यांनी नाकारलेला.
कुणी पुण्याचे पाहुणे ओळखतात,
मोबाइल काढतात, तो डायलॉग म्हणा ना.
म्हणतो.
ते एकमेकांकडे बघतात.
तसा नाही वाटत हो, आवाज.
मोबाइल खिशात जातो.

गेल्या शिमग्याच्या आधीची गोष्ट.
बांगड्यांची बोली अठराशेवर होती,
बबन पावसे आणि दाभोळचे दोघे, खांद्याला खांदा.
त्यांच्या मागे अडकलेली एक म्हातारी,
हातात काठी, आखूड पांढरे केस,
चपला वाळूत रुतलेल्या.
कुणालाच उद्देशून नाही, सहजच म्हणाली,
अहो, पण मला कुणी विचारलं का?

मी आकडा विसरलो.
आयुष्यात पहिल्यांदा, भर लिलावात.
तिच्या गालात गोळी होती की नाही, दिसलं नाही.
ती माझ्याकडे बघत नव्हती, मासळीकडे बघत होती.

विचारतो, मी म्हणालो. बोला, आजी, किती?
सहा हवेत फक्त. दीडशे देईन. वर दमडी नाही.
दिले.
बबन ओरडला, अरे, हा लिलाव आहे की भाजीबाजार?
तिनं पिशवी काठीला अडकवली,
एक शंभराची, एक पन्नासची,
आणि गेली छकड्यांच्या चाकोरीतून, जपून.

पुढचा ढीग म्हाकुलांचा होता.
नऊशेपासून सुरू केलं.
नऊशे, आठशे, सातशे...
बबन हसायला लागला.
ए, उलटा कुठे चाललास?