कॉफीचा कप

नव्या टपालगाडीच्या पडद्यावर
रोज सकाळी एक कप उमटतो:
दमलात, थांबा, कॉफी घ्या.
अगं बाई, आत्ताच तर पिऊन निघालेय.

इनारीच्या रस्त्यावर एकतीस वर्षं झाली.
बर्फ कुठे धरतो, कुठे सोडतो
ते आधी माझ्या कमरेला कळतं, मग हातांना.
ओइवाने शिकवलं होतं:
रस्ता काय, सगळेच बघतात,
तू झाडांची कड बघ, रेनडियर तिथून येतो.

मी कडेला बघते
आणि गाडी किंचाळते. लक्ष समोर!
नखाएवढा कॅमेरा
मला लक्ष शिकवतो.
कायदाच आहे म्हणे. बटण दाबून गप्प करा,
उद्या गाडी सुरू केली की पुन्हा हिचं तोंड सुरू.

मंगळवारी मात्र
माझी नजर समोरच होती, अगदी नियमाप्रमाणे,
आणि मी नव्हते तिथे.
दवाखान्याचा फोन, ओइवाचा अहवाल,
एक शब्द, जो मला नीट उच्चारताही आला नव्हता.

ब्रेक लागला.
मी लावला नव्हता.
पुढे आइलाचा नातू, घसरगाडीवर,
हात हलवून निघून गेला.

ओइवाला हे सांगितलेलं नाही.

आज पहाटे, उणे सव्वीस.
काच खरवडून झाल्यावर
हातमोजा काढला,
आरशामागच्या कॅमेऱ्यापुढचा तेवढा तुकडा
बोटाच्या उबेने पुसला.
निघाले. कडेला बघितलं.
किंचाळली.
किंचाळ, म्हटलं.