शून्य नंबरवर

उद्यमबागेत, पंप तपासायच्या शेडमागं
एसीच्या खोलीत आमचा सर्व्हर.
कोर आठ. पैसेही आठांचे मोजलेले.
पण व्यत्ययांची फाईल उघडली तेव्हा
पहिल्या रकान्यात नऊ आकडी संख्या
आणि पुढं शून्य, शून्य, शून्य.
सात जण हाताची घडी घालून बसलेले.

नेटवर्क कार्डावर पाकीट येऊन पडलं
की ते हाक मारतं,
आणि हाक जाते शून्य नंबरवर.
का, तर तो सगळ्यांआधी उठतो.
त्यानं हातातलं अर्ध्यावर ठेवायचं,
कुठवर आलो होतो त्याची खूण करायची,
जाऊन बघायचं, परत यायचं.
तोवर पुढची.

बाहेर काउंटरला मथुरा कडोलकर.
मराठी येतं, कन्नड येतं,
फोंड्याच्या गिऱ्हाइकापुरती कोकणीसुद्धा.
म्हणून फोन तिला, कुरिअर तिला,
"मथुराक्का, हे बगा की जरा,"
"अक्का, स्वल्प नोडरी."
तिच्या चहावर रोज साय धरते.
मराठीतलं वाक्य अर्धं टाकून ती कन्नडात जाते,
परत येते तेव्हा
वाक्य तिथं नसतं.

आधी मी वाटणीचं काम एका प्रोग्रामवर सोपवलं.
दर दहा सेकंदांनी तो उठायचा,
इकडची हाक तिकडं टाकायचा.
रकाने कसे अगदी सारखे भरले!
आणि पंपाच्या दाबाचे आकडे
आधीपेक्षा उशिरा यायला लागले.
एकाच्या हाताशी जे अजून ऊन होतं
ते दुसऱ्याला गार मिळत होतं.
तो बिचारा पुन्हा कपाट उघडून शोधायचा.

त्याच आठवड्यात मालकांनी
बसलिंग नावाचा पोरगा ठेवला, निम्मे फोन त्याला.
गोकाकचा माणूस विचारायचा, "अक्का इल्लेनरी?"
आणि ठेवून द्यायचा.
त्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या गळक्या व्हॉल्व्हची गोष्ट
बसलिंगला पहिल्यापासून कोण सांगणार?

मग एका रात्री प्रोग्राम बंद केला
आणि हातानं लिहीत बसलो,
कुठली हाक कुणाची:
एक, दोन, चार, आठ. आठानंतर दहा.
हे दहा म्हणजे सोळा.
आपल्या भागात असल्याची सवय असते,
गावाचं नाव पाटीवर एक, जिभेवर एक,
पत्र पोचतंच.
ज्याच्याजवळ ज्याची रांग, त्याला त्याचीच हाक.
रकाने सारखे नाहीत आता.
आकडे वेळेवर येतात.

मथुराक्काकडं गोकाक राहिलं, फोंडा राहिला,
बाकीचं बसलिंग बघतो. चुकतोही.

फाईलच्या तळाशी काही ओळी असतात,
ज्याच्या त्याच्या घड्याळाच्या.
त्या दुसऱ्याकडं देता येत नाहीत.
मी एकदा करून बघितलं, नकार आला.

चार वाजता कडोलीहून तिच्या आईचा फोन येतो.
दुपारी एकदा येऊन गेलेला असतो,
म्हातारीला आठवत नाही.
बसलिंगचा हात पुढं होतो,
ती मानेनंच नको म्हणते.
"होय गं. जेवले. आत्ताच जेवले."