व्युत्क्रम कोन

साहेबांनी जीप चार इंच उचलून आणली
खराडीच्या कुठल्याशा चकचकीत दुकानातून.
"आता कशी दिसते?" म्हणाले.
दिसते झकास, मी म्हणालो. चालते कशी?
तेव्हा गप्प झाले,
बुटाच्या टोकाने धुळीत रेघ ओढत राहिले.

पंचावन्नला सुरू होते थरथर.
आधी गिअरच्या दांड्यात, मग सीटखाली.
साठला आरशातल्या एका ट्रकचे दोन होतात.
बॅलन्सिंग झालं, टायर बदलून झाले,
नाना पेठेतून दोनदा नवे क्रॉस आणले.
क्रॉस बिचारा काय करणार?
वाकून फिरायचं म्हटलं की
एका फेऱ्यात दोनदा धावतो, दोनदा रेंगाळतो.
त्याची ही खोड पलीकडच्या क्रॉसने पोटात घालायची,
तेवढ्यासाठीच तर तो दुसरा बसवलेला.

नऱ्ह्यातल्या माझ्या शेडला उतार आहे.
चाकांखाली फरशीचे तुकडे सारून आधी पातळी धरली.
जॅकवर मोजू नको, नियामतला सांगितलं,
लटकलेल्या गाडीचा कोन खोटा,
तिचं वजन तिच्याच पाट्यांवर हवं.
मग पाठीखाली गोणपाट, तोंडात बॅटरी,
मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक,
दोरा, दोऱ्याला आठचा नट.
साहेबांनी मोबाइल पुढे केला, त्यात पाणसळ होती.
मोबाइल म्हणाला, पाच पूर्णांक दोन.
नट म्हणाला, पाच.
मी नटाचं ऐकलं.
तो पृथ्वी सोडून कुणाचंच ऐकत नाही.

गिअरबॉक्सचं तोंड पाच अंश खाली,
पिनियनचं नाक एकच अंश वर.

नववीत ओव्हाळ बाई फळ्यावर काढायच्या
दोन रेषा, मधून तिरकी छेदिका,
आणि विचारायच्या, "कोळपे, समांतर कधी?"
कोळपे खिडकीबाहेर बघायचा,
खाली एक गॅरेज होतं.
बाई, आत्ता सांगतो.
व्युत्क्रम कोन सारखे असतील तेव्हा.
फक्त ही छेदिका मिनिटाला दोन हजारदा फिरते बाई,
आणि उत्तर चुकलं तर मार्क नाही, ऑइल सील जातं.

फरक चारचा. पाचर मी तीनची घेतली.
"उस्ताद, हिशेब चुकला," नियामत म्हणाला.
नाही रे. चढाला जोर लागला की
पाटे पिळतात, पिनियन आपणहून नाक वर करतो.
एक अंश त्याच्या रागासाठी.

पाचर पोलादी. ॲल्युमिनियमची चिरडते.
जाड कड मागे, पाटा वर, हौजिंग खाली,
यू-बोल्ट नवे, आलटून-पालटून आवळलेले.
नियामतचं बोट चिमटलं.
एक शिवी. दोन चहा.

रात्री साडेदहाला कात्रजच्या बायपासवर.
पन्नास. पंचावन्न.
साहेबांनी स्टिअरिंग धरलेलं,
दाढ काढताना खुर्चीचा हात धरतात तसं.
साठ.
पासष्ट.
आरशात ट्रक एकच, त्याचे दोन्ही दिवे स्वच्छ.
बोगद्यापर्यंत कुणी काही बोललं नाही.

मग साहेबांनी मान तिरकी केली.
"हा कसला आवाज?"

डाव्या दाराची काच, साहेब.
पहिल्यापासून वाजतेय.