अडीच मिली

वार्डोला डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
सकाळ सुरू होते ती सिरिंजने:
बिनसुईची, जांभळ्या दट्ट्याची,
अडीच मिली, द्राक्षाची खोटी चव.
सुन्निवा तोंड उघडते. कधी बोट चावते.

फ्रिजला टांगलेल्या वहीत
ऑडमुनच्या अक्षरात आकड्यांचे आकडे.
ऑगस्टात एका दिवशी एकोणीस.
ऑक्टोबरात चार.
गेले तेवीस दिवस नुसत्या रेघा.
डॉक्टर फोनवर म्हणाल्या, फारच छान.

वहीत रकाना नाही
भिंतीवर फुटलेल्या ताटलीला,
मांजराच्या पिरगाळलेल्या शेपटीला,
हॉकोनच्या दंडावर उमटलेल्या दातांना.
तो बाही खाली ओढून शाळेत जातो.
"ती नाही चावली," म्हणतो, "औषध चावलं."
नऊ वर्षांचं पोर.
मला अजून इतकं ठाम बोलता येत नाही.

कारण आकडीतून शुद्धीवर आली
की ती माझा कान चाचपायची,
हळू, अंधारात दाराची कडी शोधावी तशी.
ते गेलं.
कशाबरोबर गेलं, कोण सांगणार?

काल रात्री मी पाव मिली कमी ओढलं.
सिरिंज दिव्यासमोर धरून उभी राहिले.
मग पुन्हा पुरतं भरलं.
ऑडमुनला सांगितलेलं नाही.

आज ती हेल्मेट घालून बंदराकडच्या खिडकीशी,
बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा काचेवर फिरत होता.
तिने हात उचलला.
मी डोळे मिटून घेतले.
बोटं कानापाशी आली, थांबली,
आणि तिने जोरात ओढलं.

दुखलं. मी वही काढली.
कुठे लिहावं कळेना,
शेवटी समासात, तारखेला चिकटून:
कान.