आले म्हणजे जा

गुलमंडीवर, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर
मंगळवार-शुक्रवार फ्रेंच.
वेरूळहून काळीपिवळीनं येतो मी,
घाटातल्या वळणांना
एका हातात दांडी, एका हातात वही.

इफ्फत मॅडम फळ्यावर लिहितात: आज्ञार्थ.
कर्ता पुसा, म्हणतात.
तू पुसा, तुम्ही पुसा, आपण पुसा,
हुकमाला नाव लागत नाही.
क्रियापद तेवढं पुढं येतं, अनवाणी.

मग शेपटीचा स गळतो.
सगळ्यांचा नाही, एका मोठ्या टोळीचाच,
बाकीचे लिहिण्यात तरी धरून ठेवतात.
मी वहीच्या कडेला लिहून पाहिलं:
बोलतोस, बोल.
पंचेचाळीस वर्षं मराठी बोलतोय,
हा स कुठं पडतो
कधी वाकून बघितलं नव्हतं.

जाणे, मॅडम म्हणाल्या, मुस्यू घाटविसावे, तुम्ही सांगा.
वा. आलों. आले.
तू जा, आपण जाऊ, तुम्ही जा.
मागच्या बाकावरचा औषधं विकणारा पोरगा खिदळला:
आले म्हणजे जा!
मी हसलो नाही.
जातो म्हटलं की माय उंबऱ्यावरून माघारी बसवायची,
हातावर गुळाचा खडा ठेवायची,
म्हण, येतो.
त्यांच्याकडंही कुणाची तरी माय
असंच बसवत असणार.

बाप लेण्यांवर पहारेकरी.
त्याच्यापाशी एवढंच व्याकरण:
जोडे काढा. हात लावू नका. भिंतीला टेकू नका.
घरी आला की टोपीबरोबर
शेवटचा आ खुंटीला लावायचा.
आण. वाढ. गप.
मारू नका, हे मायचं वाक्य.
आदरार्थी.

जानेवारीत बारा जणांचा जथा आला.
तीन तालच्या अंधाऱ्या जिन्यात
मादाम ओदिल गुडघा धरून थांबल्या,
भिंतीला हात लावू की नको अशा.
मला येत होतं. जीपमध्ये घोकलं होतं.
आसेये-वू, बसा.
तोंडातून निघालं: आसेयों-नू.
बसू या.

आता म्हटलंय तर बसणं आलं.
बारा वर्षं त्या पायऱ्या चढवतोय लोकांना,
सन सांगतोय, राजे सांगतोय, उंची फुटात सांगतोय,
पायरी एवढी गार असते
हे खाली टेकल्यावर कळलं.
बाकीचे वर गेले, सात बुद्धांच्या रांगेकडं.
ते कधीचे बसलेत,
त्यांना कुणी तसं सांगितल्याचं
माझ्या माहितीत नाही.

मादामनी पर्समधून संत्रं काढलं, सोललं.
पहिली फोड पुढं केली: प्रने.
घ्या.
दोघांनी बिया मुठीत धरल्या, लेण्यात थुंकायचं कसं.
दुसऱ्या फोडीला म्हणाल्या: प्रां.
घे.
याचा स गळत नाही,
लिहिताना असतो, ऐकू येत नाही.

शुक्रवारी मॅडमना चूक सांगितली.
अर्धा गुण, म्हणाल्या, रूप बरोबर, माणूस चुकला.

त्या रात्री घरी आलो
तर पाणी आण जिभेवर तयार होतं,
रोजचं, बिनकर्त्याचं.
अनसा, म्हटलं, बसू या.
तिनं गॅस बारीक केला.
माझ्या तोंडाकडं बघितलं, मग खिशाकडं.
पैशे हारवले का काय?
नाही म्हटलं.
मग कुणी गेलं का?
नाही.
मग सरका तिकडं, उजेड अडवू नका,
भाकर करपायली.

सरका. अडवू नका.
दोन्ही रूपं बिनचूक, आदरार्थी.
मी सरकलो.
सुपातला लसूण ओढला
आणि सोलायला बसलो,
शेजारी जागा ठेवून.